चिंध्यांचे आठ दिवस

अक्का,

चिंध्या अजून झाडांवरच आहेत. तुमच्या पांढऱ्या, माझी एक हिरवी. दव सुकलेलं नाही म्हणून मी पायरीवर बसले आहे. शेजारी तुमची सिकेटर, छाटणीची कात्री, आहे आणि मांडीवर कोर्टातून आणलेले पाठकोरे कागद. ओल्या फांदीला पातं लावायचं नाही हा तुमचा नियम. ऊन अंगणात यायला अजून तास-दीड तास आहे, तेवढ्यात बोलून घेते.

तेराव्याला आलेल्या बायका म्हणत होत्या, नणंद-भावजय असून पंचवीस वर्षं एका अंगणात कशा राहिल्या. भांडत राहिलो, हे मी कुणाला सांगितलं नाही. तुमच्या बाहेरच्या दोन खोल्या, आमच्या आतल्या तीन, आणि मधे हे अंगण. भांडायला एवढी जागा पुष्कळ होती.

तुम्ही गेलात त्या सकाळबद्दल फार लिहीत नाही. चहा मागितलात आणि मी तो घेऊन येईपर्यंत खुर्चीतच मान टाकली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. संक्रांत दोन दिवसांवर होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून सांगून आता ते माझ्या तोंडून दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं येतं. झाडांचं मात्र कुणी विचारलं नाही. त्यामुळे ते सगळं शिल्लक आहे.

मी लग्न होऊन अंबडला आले तेव्हा राजूरहून एक मोगरा घेऊन आले होते, डालड्याच्या डब्यात. आईनं स्वतः लावलेला. तुम्ही तो डब्यातून काढून विहिरीच्या मातीत लावलात, तेव्हा मला तुम्ही आवडल्या होतात. पुढच्या वर्षी मी बाळंतपणाला माहेरी गेले. तीन महिन्यांचं लेकरू घेऊन परत आले तर मोगऱ्याच्या जागी गुडघ्याएवढ्या काड्या. पान म्हणून नाही. भोवतीचं आळंसुद्धा मोडून ठेवलेलं, पाणी बंद.

मी म्हणाले, "मेला का हो?"

"मेला कशाला? छाटलाय," तुम्ही म्हणालात. "मोगरा थंडीतच कापावा लागतो. मोसंबीला ताण देतात ना, तसा ह्याला बी ताण द्यायचा. पाणी तोडायचं, पानं काढायची. मंग उन्हाळ्यात बघ."

मोसंबीचं तुम्हाला काय माहीत, तुम्ही तर शाळेत शास्त्र शिकवता, असं मी मनात म्हणाले. महिनाभर बोललेच नाही. तुमच्या ताटात भाकरी वाढायची आणि आत निघून जायची. माझ्या आईचं झाड, माझ्या पाठीमागे, मला न विचारता. आजही लिहिताना थोडा राग येतो, खरंच येतो.

त्या वर्षी चैत्रात मोगरा काय फुलला ते तुम्हाला माहीत आहे. पण मी ती फुलं रुमालात बांधून पिशवीच्या तळाशी घालून कोर्टात न्यायची, हे माहीत नाही. मी नुकतीच तिथं कारकून म्हणून लागले होते. तिथं जाऊन केसात माळायची आणि घरी येताना काढून टाकायची. तुम्हाला बरं वाटेल असं काही करायचं नाही, एवढंच तेव्हा माझं धोरण होतं. अक्का, मोगरा चांगला फुलला होता. इतका चांगला तो राजूरला कधीच फुलला नव्हता. पंचवीस वर्षांत हे एक वाक्य माझ्याकडून बाहेर पडलं नाही.

पुढच्या थंडीत, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी, तुम्ही जुन्या उशीच्या अभ्र्याच्या चिंध्या फाडून माझ्यासमोर आलात. एकेका फांदीला चिंधी बांधत चाललात आणि मला पाठीमागून चालायला लावलंत.

"जिथं चिंधी, तिथं कापणार. पण आज न्हाई. आठ दिवस राहू देते. येता-जाता बघ. जी पटणार न्हाई ती सोड. पण चोरून सोडायची न्हाई, मला कारण सांगून सोडायची. आठ दिवसांनी जी राहील ती कापली जाईल. मंग तोंड फुगवायचं न्हाई."

आमच्याकडे कोर्टात ह्याला हरकतीची मुदत म्हणतात. मी त्याच संध्याकाळी मोगऱ्याची चिंधी सोडली आणि कमरेएवढ्या उंचीवर पुन्हा बांधली. कारण सांगितलं, खालच्या फांदीवर डोळा सुटतोय, नवा कोंब येईल. तुम्ही चष्मा लावून बघितलंत. डोळा-बिळा काही नव्हता. "बरं," म्हणालात, आणि कमरेएवढाच कापलात. मी समजले, जिंकले. महिन्याच्या अबोल्याचं फळ. पंचवीस वर्षं मी असंच समजत होते की तो नियम तुमच्याकडून मी मिळवला.

कारण पटलंच पाहिजे असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. सांगितलं पाहिजे, एवढंच. मी काय काय कारणं दिली. बुलबुलाचं घरटं आहे म्हणाले, तर तुम्ही स्टूल लावून बघून आलात, रिकामी वाटी सापडली, तरी चिंधी सोडू दिलीत. जास्वंदीला यंदा मनासारखी फुलं नाहीत, मग कापून काय उपयोग, असंही म्हणाले. "म्हणून तर कापायची," तुम्ही म्हणालात, पण चिंधी सोडलीत.

हाताला धरून शिकवलंत ते मात्र गुलाबावर. दसरा झाला की गुलाब, हा ठरलेला क्रम. पाऊस पुरता गेल्याशिवाय नाही आणि दिवाळीच्या पुढं नाही. पहिल्यांदा वाळलेलं काढायचं, मग एकमेकांना घासणाऱ्या दोन फांद्यांतली बारीक काढायची, मग आतल्या बाजूला चाललेली. "चिमणी आत शिरून बाहेर निघाली पाहिजे, एवढं मोकळं पाहिजे." मग माझा अंगठा धरून फांदीवरच्या फुगीर डोळ्यावर ठेवायच्या. "हा कुठं बघून राह्यला? बाहेर ना? मंग ह्याच्या वर, तुरीच्या दाण्याएवढी जागा सोडून. तिरपं. पाणी डोळ्यावर येऊ न देता पाठीमागं गेलं पाहिजे. आन् एका दमात. कुरतडायचं न्हाई, झाडाला राग येतो." दर झाडानंतर सिकेटरचं पातं स्पिरिटनं पुसायच्या, दवाखान्यातल्या नर्ससारखं. जाड फांदीच्या कापावर बुरशी धरू नये म्हणून चुना-मोरचूद लावायच्या. मी म्हणायची, गुलाबाला एवढं कोण करतं? तुम्ही म्हणायच्या, मोसंबीला करतात.

पुन्हा मोसंबी. मी तेव्हाही विचारलं नाही.

आता जाईचं. सगळं अंगण कापणाऱ्या तुम्ही, आणि तुमच्या दारावरच्या त्या जाईला कधी कात्री लागली नाही. लोखंडी कमानीवरून ती गच्चीवर गेली, गच्चीवरून शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर. खाली नुसता उघडा, पिळाचा बुंधा, आणि फुलं टाकीला. नळ आठ दिवसांनी येतो, तेव्हा टाकी भरायला वर चढणाऱ्या त्यांच्या सुनेला ओंजळभर फुलं मिळायची आणि आपल्याला सडासुद्धा नाही. चिंध्यांचा नियम लागू झाल्यावर तिसऱ्या वर्षी मी माझ्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडला आणि जाईला बांधला, जिथं बुंध्याला तीन फाटे फुटतात तिथं. नियम दोघींना सारखा.

तुम्ही आठव्या दिवशी संध्याकाळी स्वतःच्या हातानं चिंधी सोडलीत, घडी करून मला आणून दिलीत आणि म्हणालात, "फुलावर आहे."

पौषात जाई फुलावर नसते. हे मला माहीत होतं, तुम्हाला तर होतंच. मी हसले. तुम्ही हसला नाहीत. त्यानंतर दर वर्षी तेच. मी रविवारी चिंधी बांधायची, तुम्ही आठव्या दिवशी ती आणून द्यायच्या, "फुलावर आहे." मला वाटायचं, हा आपला खेळ आहे. तीच हिरवी चिंधी किती वर्षं पुरली.

पण गेली दोन वर्षं तो खेळ राहिला नव्हता. बुंध्याला वाळवी लागली. गेल्या उन्हाळ्याच्या वावटळीत कमान एका बाजूनं उचलली गेली, ती ह्यांनी तारेनं बांधून ठेवली आहे. वर्षभरात फुलं वाटीभरसुद्धा झाली नाहीत. यंदा चिंधी बांधली ती मी चिडवायला बांधली नव्हती. बुधवारी संध्याकाळी, म्हणजे आदल्या दिवशी, मी तुम्हाला तसं स्पष्ट म्हणालेही. अक्का, ह्या साली कापली नाही तर वैशाखात ती कमानीसकट खाली येईल आणि मुळासकट जाईल.

तुम्ही वर बघितलंत. "अजून चार दिवस हाईत," म्हणालात. "बघू."

माझ्या मोगऱ्यावर तुमची पांढरी चिंधी होती, पुन्हा गुडघ्याशी. दर वर्षी मी पहिल्याच दिवशी सोडते. यंदा कोर्टात फार काम होतं, राहून गेलं. गुरुवारी सुटी टाकून सोडणार होते.

तुमच्या भावाचं म्हणणं आहे की यंदा काही कापू नये. तेराव्याच्या रात्री पाहुणे झोपल्यावर म्हणाले, "राहू दे ना जसं आहे तसं. अक्काच्या हातच्या चिंध्या हाईत त्या." पंचवीस वर्षांत ह्यांनी झाडांच्या बाबतीत काढलेला हा पहिला शब्द. मी म्हणाले, बुधवारपर्यंत मुदतीचे चार दिवस झाले होते, चार राहिले. सुतकाचे दिवस मी धरत नाही, कोर्टाला सुटी असली की मुदत पुढं जाते. उद्यापासून चार दिवस मोजा. जी नको असेल ती सोडा, कारण सांगून. हे रोज संध्याकाळी जाईखाली उभे राहायचे, हिरव्या चिंधीला हात लावायचे आणि आत यायचे. काल आठवा दिवस संपला. चिंधी आहे तिथंच आहे.

म्हणजे नियमानं कापायला मोकळी आहे. पण तुम्ही नेहमी आठव्या दिवशी सोडायच्या आणि गेलात पाचव्या दिवशी. ती राहिली ती तुम्हाला पटली म्हणून, की तुम्हाला वेळच मिळाला नाही म्हणून? "बघू" म्हणजे काय, अक्का? तुमच्या नावानं निकाल द्यायचा आणि तुमचं म्हणणं ऐकलेलंच नाही, असं मी कुठल्या तोंडानं करू? आणि नाही केलं तर तुमच्या दारावरची वेल माझ्या डोळ्यांदेखत जाईल. गेले चार दिवस मी जेवताना, झोपताना हाच विचार करते आहे. तुम्ही गेल्याचं रडू मला ह्या एका गोष्टीवरून आलं, ते आधी आलंच नव्हतं.

आणि आता जांबच्या जाऊबाईंचं सांगते.

तेराव्याला तुमच्या सासरहून काशीबाई आल्या होत्या, पुतण्याच्या मोटारसायकलवर मागं बसून. तुमच्या थोरल्या जाऊ. पंचवीस वर्षांत मी त्यांना दोनदा पाहिलं असेल. तुम्ही त्या घरात दोनच वर्षं नांदलात, नवरा गेला आणि एक ट्रंक घेऊन भावाकडं परत आलात, एवढंच मला माहीत होतं. तुम्ही कधी बोलला नाहीत आणि विचारायचं नाही अशी घरात पद्धत होती. जेवणं झाल्यावर काशीबाई अंगणात तुमच्या खुर्चीशेजारी खालीच बसल्या. त्यांनी जाईकडं बघितलं.

"ही आमच्या आडावरची जाई," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?"

"कळायला काय? मीच तर फांदी वल्ल्या फडक्यात गुंडाळून देल्ती तिला. भाऊजीनं लावल्ती ती, हिच्या मालकानं. मोसंबीच्या बागंत दिवसभर काम करून यायचे आन् मंग हिच्यापाशी. दर पौषात छाटायचे. वेल कशी, डोक्याएवढी, बायकांच्या हाताला फुलं यावी म्हणून." मग त्यांचं लक्ष चिंध्यांकडं गेलं. त्या उठल्या, मोगऱ्याजवळ गेल्या, ती पांढरी गाठ बोटांनी चाचपली. "अगं बाई. अजून चिंध्या बांधायची व्हय ही?"

मी मान हलवली.

"हे भाऊजीचं खूळ. नवी नवरी होती ना ही. सासरी नव्या नवरीला काय बोलता येतंय? मंग ते चिंध्या बांधून ठिवायचे आठ दिवस. म्हणायचे, तुला नको आसंल ती सोड, नुसतं कारण सांग. आम्ही हसायचो. झाडाचं बायकूला विचारतो म्हणून. ती बी काय कारणं द्यायची, बिलकुल खोटी. ते ऐकून घ्यायचे."

काशीबाई परत खाली बसल्या. तिकडची जाई वाळून गेली म्हणाल्या, आडच बुजवला. जाताना दारात थांबल्या. "कापशील तर एक काडी ठेव माझ्यासाठी. न्हाई कापली तरी राग न्हाई."

तर हा नियम मी मिळवलेला नव्हता. मी नवी सून होते, रुसले होते, आणि तुम्हाला ठाऊक होतं की नव्या सुनेला काय बोलता येतं. म्हणून तुमच्या दोन वर्षांच्या संसारातलं जे सगळ्यात चांगलं होतं ते तुम्ही ट्रंकेतून काढून माझ्या हातात दिलंत, अभ्र्याच्या चिंध्या म्हणून. आणि मी ते घेऊन दर वर्षी तुमच्याच जाईला बांधत होते, हसत होते. आठ-आठ दिवस तुम्ही ती हिरवी चिंधी दारावर बघत असाल. एकदाही म्हणाला नाहीत, सुमन, हिला नको. फक्त खोटं कारण देत राहिलात, जसं तिकडं देत होतात. एवढं तरी मला कळायला हवं होतं.

ऊन आलं. उठते.

*

दुपार झाली आहे. हाताला खरचटलंय, अक्षर वाकडं येईल.

मोगरा गुडघ्याएवढा कापला. तुमच्या चिंधीवर, बरोबर. पानं काढली, आळं मोडलं, तांदूळ धुतलेलं पाणी आता आठ दिवस दुसऱ्या झाडांना. पारिजातकाच्या दोन फांद्या कमी केल्या. गुलाबाला ह्या दिवसांत हात लावत नाहीत, म्हणून नाही लावला, फक्त वाळलेली टोकं काढली.

मग जाईखाली जाऊन उभी राहिले. बराच वेळ. हे आतून करवत घेऊन आले, मी बोलावलं नव्हतं. म्हणाले, "मी कमान धरतो."

वाळवीचा फाटा पहिल्यांदा कापला. आत भुसा होता, करवत नुसती आत गेली. टाकीवरचा फाटा कापायला वेळ लागला, तो जिवंत होता. शेजारची सून वरून बघत होती, तिला मी सगळ्यात वरची डहाळी दिली. कापांवर चुना-मोरचूद लावला, तुमच्याच डब्यातला. पेन्सिलीएवढ्या जाड चार काड्या काढल्या, खालचा काप सरळ, वरचा तिरपा. तुमच्या पांढऱ्या चिंध्या सोडून पाण्यात भिजवल्या आणि त्यातच त्या गुंडाळल्या. उद्या रजा टाकली आहे. जांबच्या बसनं जाते. रथसप्तमीच्या आत जमिनीत गेल्या पाहिजेत.

तिसरा फाटा राहिला, तुमच्या दारावरून जाणारा. म्हाताऱ्या झाडाचं सगळंच एकदम कापायचं नाही, श्वास घ्यायला एक फांदी ठेवायची, हे तुमचंच. पण खरं सांगायचं तर मला ते तेव्हा आठवलं नाही. मी फक्त करवत खाली ठेवली आणि हिरवी चिंधी सोडली. गाठ घट्ट झाली होती, दातानं सोडवली.

ह्यांनी विचारलं, "कारण?"

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं. मला वाटतं, नियम त्यांनाही कळला होता.

"फुलावर आहे," मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं. माघ लागला होता, फांदीवर पानंसुद्धा मोजकी होती.

"बराबर," ते म्हणाले, आणि कमान सोडली.